कुंकू लावलेलं टोक

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगरच्या आमच्या वर्कशॉपात एक अजब यंत्र आलं. मॉलिब्डेनमसारखे धातू भट्टीची धग निमूट सोसतात, पण गॅसच्या ज्योतीनं जोडायला जावं तर सांध्याशी ठिसूळ होतात. या यंत्राला ज्योतच नव्हती. दोन पातळ पत्रे एकावर एक ठेवायचे आणि वरून यंत्राचं दातेरी टोक दाबायचं. ते कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगानं थरथरे आणि पत्रे एकजीव होत. ना ठिणगी, ना धूर. मला तर आधी ही फसवाफसवीच वाटली होती.

यंत्र मिस्त्रींच्या हाती होतं. माणूस जामखेडकडचा, उभा जन्म गॅस वेल्डिंगमध्ये गेलेला. या वयात नवं काम मिळालं म्हणून स्वारी भलतीच खुशीत असे. मी डिप्लोमा करून आलेला सुपरवायझर, अजून कायम न झालेला, पण शहाणपणा नुसता उतू चाललेला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा मी केली. कोरडं कुंकू लोखंडावर टिकेना, म्हणून तेलात कालवून या यंत्राच्या त्या दातेरी टोकालाच ठसठशीत बोट ओढलं. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून मिस्त्रींनीही त्याला हात लावला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, यंत्र बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मिस्त्रींनी जोड घातला. वर्कशॉपच्या साहेबांनी पत्रे ओढले, ते अलगद सुटले. पुन्हा घातला, तोच प्रकार. "यांना हे झेपत नाही," साहेब सर्वांदेखत म्हणाले, "उद्यापासून परत गॅसवर."

सगळे गेल्यावर मी भिंगातून टोक पाहिलं. खाचांत लाल, तेलकट लेप बसलेला. पत्र्यावर पकड येणार कुठून! स्पिरिटनं पुसलं, जोड घातला, ओढून पाहिला. पत्रा फाटला, सांधा सुटला नाही. नोकरी पक्की नव्हती, म्हणून चार दिवस मी तोंड शिवून बसलो. त्याची आजही लाज वाटते.

शेवटी गॅसच्या शेडमध्ये जाऊन मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी ज्योत विझवली, काळा चष्मा कपाळावर सरकवला.

"सायबाला सांगितलं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? माझा हात चुकला न्हाई, हे मला ठावं हाय."

मी तिथून थेट केबिनमध्ये गेलो. साहेबांनी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली, पण मिस्त्री दुसऱ्या दिवशी यंत्रावर परत आले. मला पाहून ते पूर्वीसारखे हसले नाहीत, आणि पुढं कधी हसलेही नाहीत.