शेवटच्या बाकावरच्या बाई

शाळाशाळांत जाऊन मुलांना पुढच्या शिक्षणाची माहिती द्यायचं आमच्या विद्यापीठाचं काम या बाई सांभाळतात. त्या कार्यक्रम ठरवतात, प्रवेश विभागाचा प्रमुख म्हणून भाषण मी करतो. मी शाल पांघरून खुर्चीत बसतो, तेव्हा त्या शेवटच्या बाकावर मुलींना विचारत असतात, "घरी फोन कोनापाशी रायते? त्याले फुरसत कवा असते?" उत्तर फोन नंबरासकट वहीत लिहून घेतात. त्या वहीला मी मनातल्या मनात हसायचो, हे कबूल करतो.

माझ्या भाषणाचा शेवट ठरलेला होता : "अमरावतीला या. माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे." टाळ्या पडायच्या.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी त्याच दाराला आतून कडी लावून डबा खात होतो. बाहेर बार्शीटाकळीची एक मुलगी वडिलांसोबत अर्जावर माझ्या सहीसाठी थांबली होती. वहीतला नंबर फिरवून बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. शिपाई सांगत होता, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

बाईंनी दार वाजवलं. "सर, कडी काढा. पोरगी तासाभरापासून उभी हाय, प्रवेशाची खिडकी चारले बंद होते. जेवन मंग करजा."

सहीशेजारी भाजीच्या तेलाचं बोट उमटलं, पण प्रवेश झाला.

पुढच्या शाळेत मी शरमेने ते वाक्य गाळलं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, ते दाराचं सांगाचं राह्यलं."

मी सांगितलं. टाळ्या पडल्या. बाई वहीत पुढच्या मुलीच्या घरचा नंबर लिहीत होत्या.