आईच्या नावाचं पोतं

टिकारामभाऊ माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरी सुनेनं भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर मी जाऊबाईंना, सुमनबाईंना सांगायची. भासरे हातभर अंतरावर जेवत बसलेले असले तरी सुमनबाई ते पुन्हा म्हणेपर्यंत त्यांना ऐकू आलेलं नसायचं.

ते जबलपूरच्या ट्रक कारखान्यात ब्रेकच्या कामावर होते. १९८३ साली आमच्या चेरीताल वस्तीतल्या चौघांनी मिळून फौजेनं काढून टाकलेला एक ट्रक लिलावात घेतला, तो दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायला. दुरुस्ती अर्थातच भासऱ्यांकडे आली.

आमच्या सासूबाईंची, गीताबाईंची, एकच मागणी होती. "टिका, औंदा मले सजवलेल्या गाडीत ने." त्या गावी मालगुजाराच्या गोठ्यात शेण काढत वाढल्या. वाड्यातल्या लग्नाच्या सजवलेल्या दमण्या, बैलगाड्या, निघाल्या की यांना टोपली घेऊन बाजूला उभं राहावं लागे. "एकडाव लोकायनं मले पाह्यलं पाहिजे," असं त्या म्हणायच्या. भासऱ्यांनी कबूलही केलं होतं.

पण चाकं उघडली आणि त्यांचं तोंड उतरलं. ब्रेकचे पट्टे झिजून गेले होते. चारही चाकांचे बदलले, तर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. मग पुन्हा सगळं उघडलं. सुट्टीचे दिवस त्यातच गेले. रंग राहिला, झालर राहिली. जुन्या हिरव्या पत्र्यावर गंज खरवडून लावलेल्या लाल रंगाचे चट्टे तेवढे उरले.

पलीकडच्या गल्लीतल्या तुळशीरामचा ट्रक मात्र आरशांनी लखलखत होता. दारांवर कमळं, वर पाच सुरांचा हॉर्न. तोही दसऱ्याला माणसं घेऊन नागपूरलाच जाणार होता. तो येता-जाता म्हणायचा, "टिकाराम भैया, ये गाडी है के भैंस?"

"भैंस खड़ी तो रहती है जहाँ रोको," भासरे चाकाखालून म्हणायचे.

निघायच्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली. माणसं गाठोडी घेऊन ट्रकमध्ये चढू लागली. सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणायचो, काठी टेकत आल्या, ट्रककडे पाहिलं आणि तिथंच थांबल्या.

"मी तुळशीरामच्या गाडीत जातो."

भासरे चाकाकडे पाहत सुमनबाईंना म्हणाले, "तिले म्हण, त्याचे ब्रेक मी पाह्यले नाहीत." एवढंच. डोळे भरून आले होते त्यांचे.

मला राहवलं नाही. डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ त्यांनाच म्हटलं, "भाऊजी, सांगा नं आईंना, गेला आठवडाभर काय करून राहिले होते ते!"

सुमनबाईंनी जीभ चावली. भासरे तर माझ्यापेक्षा जास्त लाजले. मग मीच आईंचा हात धरून त्यांना भिंतीकडे नेलं. तिथं रेतीची पोती रचली होती. माणसामागे एक पोतं, प्रत्येकावर खडूनं नाव. ती गाडीत भरून ते रोज नागपूर रस्त्याला बरगीकडच्या उतारावर गाडी न्यायचे, अर्ध्या उतारावर ब्रेक दाबून पाहायचे. शेवटचं पोतं अर्धंच होतं. त्यावर लिहिलं होतं, आई.

"हे मी होय?"

"हो. सात वेळा उतरवलं तुम्हाला उतारावरून."

आईंनी काठीनं ते पोतं टोचून पाहिलं. मग वळून ओरडल्या, "काहून रे टिका, अर्धंच? मी एवढीशी झालो काय? अन् सात डाव नेलं, एकडावबी विचारलं नाही मले!"

"तू आली असती तं ओरडली असती," भासरे म्हणाले.

"आता का कमी ओरडीन?" म्हणत त्यांनी हात पुढं केला. भासऱ्यांनी त्यांना उचलूनच पुढच्या सीटवर बसवलं. मी त्यांच्या शेजारी चढले. आई खरंच अर्ध्या पोत्याएवढ्या होत्या.

वाटेतल्या कुरईच्या घाटात आम्ही इतके हळू उतरलो, की आई म्हणाल्या, "अरे, सायकलवाला गेला पुढं!" भासरे हसले, पण गाडी तशीच चालवली. पुढं आई माझ्या खांद्यावर झोपल्या.

नागपूरला गर्दीत ट्रक थांबला. त्यांना जागं केलं, तर उतरायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि पदरानं दारावरची धूळ पुसली. लाल चट्टे आणखी उठून दिसू लागले.

"लोकं पाह्यतील नं," त्या म्हणाल्या.