पाठीतल्या चिठ्ठ्या

...अगं, चहा राहू दे, आधी लिही. कुठे होतो आपण? हां, बाइंडर. आपल्या जिन्याखालचा. आडनाव दुकानाच्या पाटीवर आहेच, ते काय लिहायचं. बायको जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिवसभर त्या पुठ्ठ्यांशी आणि खळीच्या डब्याशी बोलत असतो. एकदा मी म्हटलं, "अरे, डबा उत्तर देतो का?" तर म्हणाला, "मावशी, उलट बोलत नाही, हेच पुष्कळ."

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. कचेरीची रजिस्टरं पिढ्यान् पिढ्या हीच माणसं बांधायची. पानं शिवून झाली की पाठीवर कापड चढवायच्या आधी आत एक चिठ्ठी चिकटवायची. वर बांधणाऱ्याचं नाव, खाली त्याच्या बापाचं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. आणि बापाने याला ताकीद दिलेली: पाठ आपोआप निखळली तरच आतलं वाचायचं. धडधाकट पुस्तक फाडून बघशील तर हात झडतील.

बायको गेल्यावर याच्या मनाने घेतलं, आपण तर शेवटचे. पुढे कुणी नाही, मागे कोण कोण होतं ते तरी कळू दे. मग काय, जुनी रजिस्टरं दुरुस्तीला आली की हा आधी पाठ चाचपायचा. सहा वर्षांत आजोबांची चिठ्ठी सापडली. मग चार वर्षं कुणीच नाही. मग उंदरांनी कुरतडलेल्या एका रजिस्टरात पणजोबा निघाले. त्या दिवशी असा खूश, जसा काही घरी पाहुणाच आलाय. चहा दोन कप केला. दुसरा तसाच गार झाला. मला म्हणाला, "मावशी, माप चुकतं हल्ली."

मागच्या महिन्यात एक जाडजूड रजिस्टर आलं, नुसता पुठ्ठा बदलायला. शिवण फार जुन्या हाताची, पण पाठ ठणठणीत. आठ दिवस ते फळीवर पडून होतं. हा जेवायचा तोसुद्धा भिंतीकडे तोंड करून. नवव्या दिवशी भरदुपारी दुकानाचं दार लावून घेतलं आणि घातली सुरी.

मी खाली गेले तर चिठ्ठी हातात, तोंड उतरलेलं. खापरपणजोबांचीच होती. वर त्यांचं नाव.

"आणि खाली? वाच की," मी म्हटलं.

त्याने वाचलं. "'बाप ठाऊक नाही. आई इथे पानं शिवायची. मालकांना कुणी नव्हतं. त्यांनी आपलं आडनाव आम्हा दोघा भावांना दिलं.'"

मग म्हणतो, "मावशी, बारा वर्षं मी दुसऱ्याच्याच दाराची कडी वाजवत होतो. आपलं असं कुणी नाहीच."

"अरे वेड्या, ज्याने नाव दिलं तोही तुझ्यासारखा एकटाच होता की!"

पण ऐकेल तर शपथ. बापाचा शब्द मोडला त्याचंच हे फळ, एवढंच धरून बसला. रजिस्टर नीट केलंय, पण स्वतःची चिठ्ठी लिहायला हात उठत नाही, म्हणून पाठ उघडीच पडलीय. कचेरीचा शिपाई दोनदा हात हलवत परत गेला. आणि हा आताशा त्या डब्याशीसुद्धा बोलत नाही गं.

आता मी पडले अडाणी, मला अक्षर लागत नाही. पण कान शाबूत आहेत. 'दोघा भावांना.' एक झाला याचा खापरपणजोबा. मग दुसरा कुठे गेला? हा बापाच्या शोधात एवढा बुडालेला, की भाऊ त्याला दिसलाच नाही. मी सांगायला गेले तर म्हणे, "मावशी, आता पुरे."

म्हणून तुला लिहायला बसवलं. तुमच्या शाळेत गणिताच्या नवीन बाई आल्यात, त्यांचं आडनाव अगदी हेच, असं तूच परवा म्हणालीस ना? मग हा कागद उद्या त्यांच्या हातात दे. नातं निघेलच असं मी काही म्हणत नाही, तेवढं लिही. पण बाईंना म्हणावं, तुमच्या घरात त्या दुसऱ्या भावाचं कुणाला काही आठवत असलं, तर येऊन त्या माणसाला सांगा. आणि काहीच आठवत नसलं, तरी या. दुकान दुपारी उघडंच असतं.