पाणी नसलेल्या दिवसाचे पापड

भिंतीला भिंत लागून घर असलं की ऐकायचं नाही म्हटलं तरी कानात शिरतंच. त्यात राहुरीच्या आमच्या आळीत माझ्या भिंतीपलीकडे सुनंदाच्या बचत गटाचं पापडाचं काम. किस्से साठणार नाहीत तर काय!

झालं असं, की नगरच्या दुकानदारानं ठणकावलं, "एक पापड जाड, एक पातळ. सारखे करा, नाहीतर ऑर्डर बंद!" सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. मग शिकवायला कॉलेजातले वाकचौरे सर आले. पापड सुधारायला म्हणे स्टॅटिस्टिक्स! आमच्या सासवांनी काय गणितं मांडून पापड लाटले?

*

सर म्हणाले, "आजच्या मालातले कुठलेही पापड आणा." बायांनी निवडून निवडून देखणे पापड ताटात मांडले. सरांनी जाडी मोजली. सगळे एकसारखे!

"मग माल परत का येतो?"

सुनंदा म्हणाली, "परत येत्यात ते येगळे, सर. तुमी पाहुने. पाहुन्याला वाकडं कसं दाखवायचं?"

सर वैतागले. मला सरांचाच राग आला. दिलेला मान कळू नये माणसाला?

*

मग सरांनी सरासरी शिकवली. गटातल्या ताराबाईचा हात जड, तिचे पापड जाड. बाकीच्यांचे पातळ. ताराबाईनं काय करावं? प्रत्येक पाकिटात दोन्ही मिसळले! "घ्या सर, सरासरी बराबर हाय!"

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, गिऱ्हाईक सरासरी तळत नाही, पापड तळतं!"

*

पुढं भिंतीवर तक्ता आला. रोजच्या जाडीचा एक टिपका, वर एक रेघ, खाली एक रेघ. टिपका रेघेबाहेर गेला की कारण शोधायचं. एकदा टिपका वर गेला, तर ताराबाईनं रेघच वर सरकवली!

"टिपका आत घेतला, सर!"

"ताराबाई, टिपका नाही, पापड आत घ्यायचाय!"

*

आता खरा संताप ऐका. आमच्या नळाला पाणी दिवसाआड. सरांना दिसलं, पाणी नसतं त्याच दिवशी टिपके बाहेर. साठवलेल्या पाण्यानं पीठ बिघडत असेल म्हणून पिंप बदललं, पाणी गाळलं. टिपके बाहेरच!

"पाणी नसतं त्या दिवशी इथं आणखी काय वेगळं असतं?"

बायांनी लाटणी खाली ठेवली. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं!

पाणी नसलं की माझं धुणं नसतं, म्हणून घटकाभर त्यांच्यात जाऊन बसते. चहाही मीच नेते. अन् मी एकटी बोलते का? ताराबाई तर लाटणं सोडून हसते!

दुकानदार माल बघायला येणार, तो दिवस नेमका बिनपाण्याचा. सकाळीच सुनंदा आली. "वैनी, शेवगावच्या बहिनीला लई दिवसांत भेटला न्हाई तुमी." स्वतः एसटीत बसवून दिलं, हातात पापडाची पिशवी!

संध्याकाळी परत आले. ऑर्डर टिकली होती. सुनंदा पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडली.

"वैनी, बहीन बरी हाय ना? परवा पुन्हा जाऊन येता का?"