फौजदारांची परवानगी

आमच्या दवाखान्यात रुग्णांच्या जुन्या नोंदींचा डेटाबेस सांभाळणाऱ्या काकांना सगळे फौजदार म्हणतात. त्या नोंदी त्यांनीच जन्मभर टाइप केल्यात. बाहेरच्या सर्व्हरवर चालणारं नवं वेब ॲप मला या डेटाबेसला जोडायचं होतं, आणि काका त्याच्या संगणकाला इंटरनेटची वायर लावू देईनात.

“आज वाचेल, उद्या पुसेल.”

“काका, त्याला फक्त वाचायची परवानगी दिलीय.”

“मग माझ्यादेखत माझीच नोंद पुसून दाखव.”

वायर लावून मी ॲपच्या खात्यातून पुसायला गेलो. ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं. काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

“मुद्दाम चुकीचं टाइप केलंस ना? ऊठ, मी बघतो.”

त्यांनाही नकारच मिळाला.

“बरं, चालू दे,” ते म्हणाले, “पण मी इथून हलणार नाही.”