मी हात वर केला तेव्हा

आमचं घर लष्कराच्या छावनीला लागून आहे. सीपरी बाज़ारात दिव्यांपुढे तारे टिकत नाहीत, इथे टिकतात, म्हणून मी छतावर दुर्बीण मांडली होती. सप्तर्षींच्या शेपटीजवळ एक सर्पिल दीर्घिका आहे. तिचा उजेड आपल्यापर्यंत यायला कोट्यवधी वर्षं लागतात. मला तिचा फोटो हवा होता. त्यासाठी पाच-पाच मिनिटांचे बरेच फोटो घेऊन ते एकावर एक बसवायचे असतात. तेवढ्यात कुणी छतावर चाललं की स्लॅब थरथरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात.

म्हणून मी घरात नियम केला होता. काम असेल तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं आणि मी ‘हं’ म्हणेपर्यंत बोलायचं नाही. एकदा आई दिवा लावून थेट वर आली. मी तिच्यावर इतका ओरडलो की खाली बाबा उठून बसले.

बाबा चेष्टा करायचे. “काय साहेब, निघाली का तुमची जिलबी?”

“अजून कच्ची आहे.”

“मानिक चौकात उभ्या उभ्या किलोभर मिळते, भैया!”

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री, अमावस्येला, आई पायरीवर येऊन बसली. मला बांगड्या ऐकू आल्या. मी हात वर करून तिला थांबवलं. फोटो संपला. पडद्यावर दीर्घिकेचे दोन्ही पीळ पहिल्यांदाच स्वच्छ दिसले. मी ‘हं’ म्हणालो नाही. दुसरा लावला. मग तिसरा. मग चौथा. ती माझ्या मागे अंधारात बसली आहे हे मला पूर्ण वेळ ठाऊक होतं.

“काय गं?” शेवटी मी विचारलं.

“यांच्या छातीत कळ येतेय. घाम सुटलाय. म्हटलं, तुझं होऊ दे.”

डॉक्टर म्हणाले, “थोड़ा पहले ले आते.” उजाडायच्या आत बाबा गेले.

आई समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “त्याला कळलं तसा तो धावत खाली आला. मीच बसून राहिले. मीच हाक मारायला हवी होती.” तिला वाटतं, एक फोटो निघायलाच तेवढा वेळ लागतो. मधे तीनदा मला वळून बघता आलं असतं, हे तिला माहीत नाही. लोक तिची समजूत घालत. मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो आणि माझी मान दुःखाने खाली आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

दुर्बीण मी देऊन टाकली. त्याने काही हलकं झालं नाही. तिला खरं सांगायचं म्हणून मी कितीदा तिच्या खोलीत गेलो आणि औषध घेतलंस का, एवढंच विचारून परत आलो.

काल संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, “माझंच चुकलं रे. एक हाक मारली असती तर?”

“जाऊ दे, आई,” मी म्हणालो. जणू तिला माफ करत होतो.