फिकट निळा ड्रेस

दुकानात सगळे तिला काकू म्हणत. पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंगावर मात्र कायम गडद कपडे. मालक चिडवायचा, "काकू, कोळशाच्या वखारीतून आलात की काय?" ती हसून वेळ मारून न्यायची. तिच्या स्टुलावर काळ्या कापडाची जाड घडी असे. तिचं कारण फक्त लेकीला ठाऊक होतं. गर्भपिशवीत गाठी होत्या आणि महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायचं.

पिशवी काढायचं ठरलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ता नाही. अंगात रक्तच नाही तुमच्या, टेबलावर काही बरंवाईट व्हायचं. आधी तीन महिने दरमहा एक इंजेक्शन घ्या. गाठी आक्रसतील, जाणं थांबेल, गोळ्यांनी रक्त भरेल. मग ऑपरेशनमध्ये रक्त कमी जाईल. पण शेवटच्या इंजेक्शननंतर महिन्याच्या आत यायचं."

इंजेक्शनांनी अंगाची लाही व्हायची, पण कपडे कोरडे राहू लागले. काकूनं काळी घडी फेकून दिली. स्वतःसाठी फिकट निळा ड्रेस बेतला आणि शिवून घातलासुद्धा.

ऑपरेशनचा दिवस आला तशी ती लेकीला म्हणाली, "चांगल्या अंगावर सुरी कशाला ओढवून घेऊ?"

"आई, ते इंजेक्शनानं थांबलंय. गाठी कुठे गेल्यात?"

"मोठी आलीस डॉक्टरीण!"

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरजही सरली नव्हती. पण लेक गप्प बसली. आईला असं हसताना तिनं फार वर्षांनी पाहिलं होतं.

काही महिन्यांनी भर दुपारी मशीनवरच काकूला भळाभळा जाऊ लागलं. मालकानं थट्टा केली नाही. नुकताच शिवून झालेला पडदा तिच्याभोवती गुंडाळून त्यानं तिला गाडीत घातलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "बाई, आपण अंगात रक्त साठवलं होतं ते कापायच्या दिवसासाठी. आता कापावं लागणार, आणि रक्त नाही."

आत नेताना काकू लेकीला पुटपुटली, "ड्रेस गार पाण्यात घाल. डाग बसेल."

लेक वॉर्डच्या मोरीत ड्रेस चोळत बसली. पाणी बदललं, पुन्हा बदललं. डाग जवळजवळ गेला तेव्हा डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मी तिला ओढत आणायला हवं होतं," लेक म्हणाली, आणि ड्रेस पिळायला लागली.